दांडीवरचं पिल्लू

‘शी, काय हे किळसवाणं,’ तारावहिनी म्हणाल्या आणि मिसरीनं काळं झालेलं बोट त्यांनी थेट ऑर्किडच्या पिल्लाच्या मुळीला लावलं. ‘पालीची शेपटी जशी.’

‘हात धुऊन लावा, वहिनी,’ मी म्हणाले.

‘आता झाडालाही सोवळं का गं?’

‘पुरे,’ खुर्चीतून हे म्हणाले.

‘बघ, भावजींनाही तुझं बोलणं पुरे झालं.’ वहिनी हसल्या. बोट पदराच्या टोकाला पुसून त्यांनी पुन्हा डबीत घातलं, उजव्या दाढेपासून डाव्या दाढेपर्यंत फिरवलं आणि खिडकीतून खाली पचकन थुंकल्या. गजावर एक तपकिरी थेंब राहिला. त्या गेल्यावर मी तो ओल्या फडक्यानं पुसला आणि मग ते फडकंच टाकून दिलं.

ह्याला आता वीस-बावीस वर्षं होऊन गेली. आम्ही तेव्हा कोल्हापुरात राजारामपुरीत, दुसऱ्या मजल्यावर राहायचो. तारावहिनी माझ्या थोरल्या जाऊबाई. थोरले दीर वारले होते, मुलगा आणि सून दिवसभर नोकरीवर, त्यामुळे वहिनींना दुपार मोकळी असायची. ह्यांना पक्षाघात झाल्यापासून त्या वरचेवर येऊ लागल्या. येताना कधी हात हलवत आल्या नाहीत. कधी आंबोळ्या, कधी भरली वांगी, कधी नुसती शेंगदाण्याची चटणी. हाताला चव होती, हे मी आजही नाकारत नाही. पण त्या आल्या की घरभर तो जळकट, उग्र वास राहायचा आणि माझं जेवण होत नसे.

ह्यांची उजवी बाजू गेली होती, आणि बोलणं गेलं होतं. सगळंच गेलं असतं तर एक वेळ कळलं असतं. एक शब्द तेवढा मागे राहिला: ‘पुरे’. हाच का राहिला ते डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. भूक लागली की ‘पुरे’. पाणी हवं, ‘पुरे’. पंखा बंद कर, ‘पुरे’. पाहुणे यायचे, ताटात वाढायचे, हे घोगऱ्या आवाजात ‘पुरे’ म्हणायचे आणि पाहुणे बिचारे वाढलेलं काढून घ्यायचे. मग ह्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं, कारण ह्यांना आणखी हवं असायचं. मान हलवायची म्हटली तर तीही उलटसुलट व्हायची. होला नाही, नाहीला हो. मला मात्र हळूहळू त्या एका शब्दातले वेगवेगळे शब्द ऐकू यायला लागले. लांबवलेलं ‘पुरेऽ’ म्हणजे हवंय. तुटक, ‘पु’वर आपटलेलं ‘पुरे’ म्हणजे खरोखरच पुरे, थांब. मधलं, सपाट, म्हणजे मी आहे इथे, माझ्याकडे बघ.

ह्यांची लाळ पुसताना, कपडे बदलताना मला कधी किळस आली नाही. माणसाला स्वतःच्या माणसाची येत नसावी. किळस मला दुसऱ्याच गोष्टींची यायची, आणि त्यांपैकी एक, खरं सांगायचं तर, ते पिल्लूही होतं.

ऑर्किडचं ते झाड ह्यांनी आजारपणाच्या आदल्या वर्षी बंगळूरच्या फुलांच्या प्रदर्शनातून आणलं होतं. हे पाटबंधारे खात्यात ड्राफ्ट्समन होते. आयुष्यभर धरणांचे नकाशे काढले. कुठलीही वस्तू घरात आणायची तर तिची सगळी माहिती आधी हवी. त्या विक्रेत्याला प्रश्न विचारून विचारून भंडावलं, आणि परतीच्या बसमध्ये सगळं मला पुन्हा ऐकवलं. माती घालायची नाही. कोळसा, विटांचे तुकडे, नारळाचा काथ्या. ऊन नको, उजेड हवा. आणि कधी नशिबानं फुलांच्या दांडीवर पिल्लू आलं, तर त्याच्या मुळ्या बोटभर होईपर्यंत त्याला आईपासून तोडायचं नाही. घाई केली की पिल्लू जातं.

‘केळीला जसं पिल्लू फुटतं तसं?’ मी विचारलं होतं.

‘केळीला जमिनीतून फुटतं. हे अधांतरी फुटतं,’ हे म्हणाले होते. ‘तेच तर बघायचंय.’

बघायची वेळ आली तेव्हा ह्यांना बोलता येत नव्हतं. फुलं गळून गेली होती. दांडी कापायची असते, ते त्या धावपळीत राहून गेलं. एक दिवस त्या दांडीच्या पेराला हिरवी गाठ दिसली. मला वाटलं कीड. अगदी चामखिळीसारखी दिसत होती. मी कात्री घेऊन आले, तर ह्यांनी डाव्या हाताची मूठ खुर्चीच्या हातावर आपटली. ‘पुरे. पुरे.’ तुटक. मी कात्री ठेवली.

चामखिळीतून दोन पानं निघाली, मग तिसरं. मग खालून मुळ्या, पांढुरक्या, हिरव्या टोकाच्या, हवेत वळवळत असल्यासारख्या. जमीन नाही, पाणी नाही, आणि उघड्या हवेत कशासाठी तरी चाचपडणारी ती बोटं पाहून माझ्या अंगावर काटा यायचा. वहिनी पाल म्हणाल्या ते काही खोटं नव्हतं. मीही मनात तेच म्हटलं होतं. पण ह्यांची खुर्ची मी त्या खिडकीपासून हलवू शकत नव्हते, कारण हलवली की हे जेवत नसत.

व्यायाम करून घ्यायला आरिफा नावाची मुलगी यायची. फिजिओथेरपी नुकतीच शिकून बाहेर पडलेली, तोंडाळ आणि गोड. रबरी चेंडू ह्यांच्या उजव्या हातात द्यायची आणि हे तो सोडून द्यायचे. तिनं आठवडाभर ह्यांची नजर कुठे असते ते पाहिलं आणि मला म्हणाली, ‘काकू, इस्त्रीच्या वेळी पाणी उडवायची बाटली आहे ना तुमच्याकडे? ती द्या. चेंडूवर ह्यांचं प्रेम नाही.’

बाटली डाव्या हातात धरायची आणि उजव्या हाताचा अंगठा तिच्या दट्ट्यावर ठेवायचा. पहिले कित्येक दिवस तो अंगठा ओल्या फडक्यासारखा नुसता पडून राहायचा. मग एका सकाळी दट्ट्या खाली गेला आणि फवारा उडाला तो पिल्लावर नाही, माझ्या तोंडावर. हे हसले. अर्ध्याच चेहऱ्यानं, पण हसले. आरिफा म्हणाली, ‘काका, नेम चुकला की मुद्दाम?’

‘पुरे,’ हे म्हणाले. त्या दिवशी त्या शब्दाचा अर्थ मला नवाच ऐकू आला.

तेव्हापासून पिल्लाला पाणी हेच घालायचे. मुळ्यांभोवती मी ओला काथ्या सैल गुंडाळून दिला, तो ओला ठेवायचं काम ह्यांचं. मग अंगठ्याबरोबर पहिलं बोटही वळायला लागलं. दांडीच्या खालच्या पेराला मुगाएवढी दुसरी गाठ दिसली, तेव्हा ह्यांनी ती मला, आरिफाला, दूधवाल्यालासुद्धा दाखवली. आरिफा म्हणायची, पिल्लू कुंडीत लावायच्या दिवशी ते काकांनीच उजव्या हातानं लावायचं. ती शर्त होती. ह्यांना ती मान्य होती, हे मला डोळ्यांत दिसायचं. मुळ्या अजून अर्ध्या बोटाच्याच झाल्या होत्या.

आता वहिनींच्या बागेबद्दल सांगायला हवं. मंगळवार पेठेतल्या त्यांच्या गच्चीत कुंड्याच कुंड्या होत्या आणि त्यांतली एकही विकत आणलेली किंवा मागून घेतलेली नव्हती. मागून आणलेलं रोप जगत नाही, चोरून आणलेलं तरारतं, असं पुष्कळ बायका मानतात. जाता-येता मनीप्लांटचा एखादा वेल खुडतात आणि हसतात. मीही कधी खुडला असेन. पण वहिनींनी त्याचं शास्त्र केलं होतं. लग्नकार्याला, बारशाला, तेराव्याला, कुठेही गेल्या तरी पिशवीत ओलं फडकं असायचं. आणि गच्ची दाखवताना कुंडीला झाडाच्या नावानं नाही, घरच्या नावानं ओळखायच्या. ‘ही पाटलीणबाईंची शेवंती. हा डॉक्टर शहांचा क्रोटन. ही माझ्या विहिणीची जाई, तिला अजून पत्ता नाही.’ सगळे हसायचे. दीर होते तेव्हा तेही हसायचे. हौस आहे तिची, म्हणायचे.

म्हणून पिल्लाकडे त्यांचं बोट गेलं त्या दुपारी मी स्पष्टच बोलले होते.

‘वहिनी, ह्याला हात लावायचा नाही हं. ह्यांचा जीव आहे त्याच्यात.’

‘मी कशाला लावू? फुलं तरी येतात का ह्याला?’

‘आईला आलेली तुम्ही पाहिली होती की. पांढरी, मध्ये जांभळी.’

‘ती होय ह्याची आई?’ वहिनी म्हणाल्या आणि पुन्हा एकदा वाकून पाहिलं.

मी तेवढं बोलायला नको होतं, असं पुढे पुष्कळांनी मला सांगितलं. जसं काही झाडानं फुलं देणं हाच गुन्हा.

त्यानंतर काही दिवसांनी माझी दाढ ठणकायला लागली. गाल सुजला, डॉक्टर म्हणाले काढूनच टाकू. ह्यांच्याजवळ बसायला आरिफा त्या दिवशी मोकळी नव्हती. वहिनी आपणहून म्हणाल्या, ‘जा तू निवांत. मी बसते भावजींजवळ. पेज करून भरवते.’

मी गेले. परत आले तेव्हा माझा अर्धा जबडा बधिर होता, दातांत कापसाचा बोळा, तोंडात रक्ताची चव. बोळा काढायचा नाही आणि बोलायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं. जिन्यातच मला ह्यांचा आवाज ऐकू आला. ‘पुरे. पुरे. पुरे. पुरे.’ मी धावत वर आले. हे लालबुंद झाले होते. हनुवटीवरून लाळ, अंगरख्यावर पेज सांडलेली, पायजमा ओला, आणि डावी मूठ खुर्चीवर आपटून आपटून सोललेली.

‘आलीस बाई,’ वहिनी म्हणाल्या. त्यांनी पिशवी खांद्याला लावलेलीच होती. ‘केव्हाचे पुरे पुरे चाललंय. दोन घास खाल्ले नाहीत तर पुरे. मग मी नाही भरवलं. नको तर नको.’

मी हातानंच विचारलं, काय झालं?

‘काही नाही गं. तुझी वाट बघत होते. आता दोघंही मुके घरात, बरी जोडी जमली.’ त्या हसल्या, माझ्या सुजलेल्या गालाला त्यांनी त्याच बोटानं हात लावला आणि गेल्या.

मी ह्यांना पुसलं, कपडे बदलले, मुठीला हळद लावली. हे डावा हात माझ्या हातातून सोडवून घेऊन खिडकीकडे दाखवत होते, आणि मला वाटत होतं की खिडकी लाव म्हणतात. मी खिडकी लावली. मग ती उघडली. बोळा काढायची वेळ झाली, तो टाकायला उठले आणि तेव्हा दांडी दिसली.

मधूनच तोडलेली होती. कापलेली नव्हे, पिळून पिळून तोडलेली. ओले तंतू लोंबत होते. काथ्या खाली फरशीवर पडला होता. वरचं पिल्लू नव्हतं. खालची मुगाएवढी गाठ तेवढी तशीच होती.

बोलता यायला लागल्याबरोबर मी वहिनींना फोन केला.

‘अगं, मी कशाला घेऊ ते पालीचं शेपूट?’ त्या म्हणाल्या. ‘भावजींचाच हात लागला असेल. बाटलीशी खेळतात ना. तोल जातो माणसाचा. तू आता त्यांना रागावू नकोस.’

मी ह्यांच्यासमोर जाऊन बसले. ‘वहिनींनी नेलं का?’

‘पुरे,’ हे म्हणाले.

‘की तुमच्या हातून मोडलं?’

‘पुरे.’

खिडकीखाली, पलंगाखाली, कपाटामागे मी शोधलं. मोडलं असतं तर सापडलं असतं. पण खिडकीतून खाली पडलं असेल, मांजरानं नेलं असेल, असंही म्हणता येत होतं, आणि वहिनींच्या मुलानं फोनवर तसंच म्हटलं. पुराव्याशिवाय आईवर आळ घेऊ नका, काकू, म्हणाला. तो चांगला मुलगा आहे.

आरिफा दुसऱ्या दिवशी आली. तिनं बाटली हातात दिली, ती ह्यांनी सोडून दिली. झाकण निघून पाणी फरशीभर झालं. तिनं पुन्हा दिली. ह्यांनी मान भिंतीकडे वळवली. उजवा हात मांडीवर उताणा पडला तो तसाच राहिला. दांडी वरून काळी पडत खाली आली, मऊ झाली आणि ती मुगाची गाठही दाबली की पाणी सुटेल अशी झाली. मी ती कापून टाकली. ह्या वेळी ह्यांनी मूठ आपटली नाही. त्यांनी पाहिलंच नाही.

‘काकू, हात मागे चाललाय,’ आरिफा मला स्वयंपाकघरात येऊन म्हणाली. ‘अशी बोटं आखडली तर मग मला काही करता यायचं नाही. काहीतरी करा.’

मी बाजारातून दुसरं ऑर्किड आणलं. ह्यांनी त्याच्याकडे ढुंकूनही बघितलं नाही.

श्रावणात वहिनींकडे सत्यनारायण होता. मुलाला बढती मिळाली होती. मला जायचं नव्हतं, पण घरचं कार्य. न जाण्याचं कारण सांगावं लागलं असतं, आणि माझ्याकडे सांगण्यासारखं कारण नव्हतं, नुसता संशय होता. आरिफा म्हणाली, जा काकू, मी थांबते.

पूजा झाली, आरती झाली. प्रसादाचा द्रोण हातात घेऊन बायका गच्चीत आल्या, आणि वहिनींनी नेहमीसारखी कुंड्यांची ओळख करून द्यायला सुरुवात केली. पाटलीणबाईंची शेवंती. शहांचा क्रोटन. सूनबाईंच्या माहेरचा नवा अनंत. मी पहिला घास तोंडात घातला होता. गच्चीच्या दारापाशी, स्वयंपाकघराच्या खिडकीत, बोर्नव्हिटाची एक काचेची बाटली होती. तिच्यात गढूळ पाणी होतं आणि पाण्यात ते पिल्लू उभं होतं. खालचं पान पिवळं, बुळबुळीत होऊन काचेला चिकटलेलं. मुळ्या काळ्या पडून पाण्यात विरघळत होत्या. वास इथपर्यंत येत होता, फुलदाणीतलं पाणी फार दिवस बदललं नाही की येतो तसा.

‘आणि हे आमच्या कुमुदचं,’ वहिनी म्हणाल्या आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. ‘आता लपवून काय करायचं, घरचीच माणसं सगळी. अगं बायांनो, सांगते, सगळ्यांत गंमत हे आणताना आली. ही दाढ काढायला गेली होती आणि भावजी समोर खुर्चीत. एरवी मी मालकाच्या पाठीमागं घेते. हे तर टक लावून बघतायत.’

‘मग काही म्हणाले नाहीत?’ एका बाईनं विचारलं.

‘म्हणाले की. मी वरचं तोडलं, खालच्याला हात घालणार तोच सुरू झाले, पुरे, पुरे, पुरे. म्हटलं बरं बाबा, एकच नेते. त्यांच्या परवानगीनंच आणलंय.’

बायका हसल्या. त्यांना दोष देत नाही. त्यांतल्या बऱ्याच जणींनी ह्यांना कधी पाहिलंही नव्हतं. वहिनींच्या सूनबाई तेवढ्या हसल्या नाहीत, त्या आत निघून गेल्या.

माझ्या तोंडात शिरा होता आणि तो खाली जाईना. तूप टाळूला थापल्यासारखं झालं. डोळ्यांसमोर ती सोललेली मूठ होती, आणि ती मूठ आपटत असताना समोर उभ्या राहून दांडी पिळणाऱ्या बाईचं हे एवढं मोठं, प्रसन्न हसू. लहानपणापासून मला शिकवलं होतं की प्रसादाचा कण खाली सांडू नये. मी मोरीपाशी गेले आणि प्रसाद थुंकले. चूळ भरली, पुन्हा भरली. मग खिडकीपाशी येऊन त्या बाटलीत हात घातला. पाणी कोमट आणि बुळबुळीत होतं. पिल्लू मी द्रोणात घेतलं, पदराखाली नाही, सगळ्यांसमोर.

‘अगं, हे काय?’ वहिनी म्हणाल्या. ‘परत मागून नेलेलं लागत नाही बरं.’

‘मागत कुठे आहे?’ मी म्हणाले. ‘चोरतेय.’

कोणीतरी ह्यालाही हसलं, थट्टा समजून.

रिक्षात माझ्या हाताला तो वास येत होता. पण द्रोण मी सोडला नाही. घरी आले तर हे भिंतीकडेच तोंड करून होते. मी त्यांच्यासमोर स्टुलावर वर्तमानपत्र पसरलं, दिवा जवळ घेतला आणि द्रोण ठेवला. आरिफा नाक दाबून म्हणाली, ‘अल्ला, हे मेलंय की काय?’

ह्यांनी मान वळवली.

मेलंच होतं जवळजवळ. काळ्या मुळ्या बोटानं ओढल्या की सालीसारख्या हातात यायच्या. मी एकेक काढत गेले. सडलेलं पान काढलं. सगळ्यांत आत, पानाच्या बेचक्यात दडलेली एक मुळी निघाली, पांढरी, टोकाला हिरवी. जी बघून माझ्या अंगावर काटा यायचा तसलीच ती पालीची शेपटी. मी ती ह्यांच्या डोळ्यांजवळ नेली.

‘तुम्ही मोडलं नव्हतंत,’ मी म्हणाले. ‘वहिनींच्या घरी होतं. मला कळलं.’

मग डाव्या हातानं त्यांनी आपला उजवा हात उचलला आणि स्टुलावर, वर्तमानपत्रावर आणून ठेवला. आरिफानं त्या बोटांमध्ये पिल्लू दिलं. बोटं मिटली. पुरती नाही, पण पिल्लू खाली पडलं नाही. ब्लेडनं खालचा काळा भाग कापून मी त्या जखमेवर हळद चेपायला लागले, चेपतच राहिले, डोळ्यांत पाणी असल्यामुळे मला किती होतेय ते दिसत नव्हतं.

‘पुरे,’ हे म्हणाले. तुटक. हळद जास्त झाली होती.

पिल्लू जगलं. ओल्या काथ्यावर बसवून वर काचेची बरणी पालथी घातली होती. बरणी उचलून फवारा मारायचं काम पुन्हा ह्यांनी घेतलं. हे त्यानंतर तीनेक वर्षं होते. उजव्या हातानं चमचा धरण्यापर्यंत मजल गेली, लिहिण्यापर्यंत नाही. पिल्लाची फुलं एकदा तरी पाहून गेले. ह्यांच्या दिवसांना वहिनी आल्या होत्या, त्यांनी कुंडीकडे बघितलं आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, ‘बघ, चोरलेलंच लागलं शेवटी.’ ते खोटं नव्हतं, आणि त्याचाच मला आजही वीट येतो.

वहिनींशी मी संबंध तोडले नाहीत. घरच्यांनी समजावलं, भोळी आहे गं ती, तिला खरंच वाटलं असेल की एक पुरे म्हणतायत. मीही ते धरून बसले. हवं तेव्हा लोक ताट काढून घेत, नको तेव्हा वाढत. तो शब्द कोणाला कळत होता माझ्याशिवाय? मग वहिनींनाच का दोष? असं मी स्वतःला सांगत आले. एवढं सांगितलं की डबा घ्यायला, सणाला वाकून नमस्कार करायला, आजारपणात भेटायला जायला मन धजावत असे.

दोन हिवाळ्यांपूर्वी त्या माझ्याकडे आल्या. वय नव्वदीच्या घरात, मुलानं हाताला धरून वर आणलं आणि तो गाडी लावायला खाली गेला. मिसरी सुटली नव्हती. मी चहा दिला. खिडकीत ते झाड होतं, आता त्याचा पसारा वाढलाय, आणि त्याच्या दांडीवर नवं पिल्लू आलं होतं. वहिनींनी ते पाहिलं. कप डाव्या हातात घेऊन उठल्या, आणि ते बोट पुढे झालं, तसंच काळं, आता जरा थरथरतं.

‘पुरे,’ मी म्हणाले.

मी ठरवून म्हणाले नव्हते. तोंडातून आलं, आणि आलं तेही ह्यांच्यासारखंच, ‘पु’वर आपटून.

बोट थांबलं. वहिनींनी वळून खुर्चीकडे पाहिलं. तिथे आता मी वाळलेले कपडे ठेवते.

‘कळलं,’ त्या म्हणाल्या. ‘नाही तोडत.’

‘आता कळलं,’ मी म्हणाले.

त्या सावकाश खाली बसल्या. चहा बशीत ओतला, त्यावर फुंकर घातली, एक घोट घेतला.

‘तेव्हाही कळलं होतं गं,’ त्या म्हणाल्या. ‘साखर घाल की ह्यात थोडी.’